तिसऱ्यांचे डोहाळे

सकाळचे साडेनऊ वाजलेले लोक घड्याळावर पाहतात. आमच्या घरी ते जिन्याखालच्या हाकेवरून कळतात. "बाई, म्हावरा आनलाय!" ही हाक गेली तीस-बत्तीस वर्षे आमच्या दाराशी येते आहे. हाक मारणारी ठाण्याच्याच कोळीवाड्यातली. घरातल्या लहानथोरांनी तिला 'मावशी' करून टाकले आहे, आणि मी शाळेत रसायनशास्त्र शिकवीत असे म्हणून ती मला 'बाई' म्हणते. एवढ्या वर्षांत तिने मला एकदाही शिळा मासा दिला नाही, आणि मी एकदाही घासाघीस केल्यावाचून तो घेतला नाही. असे आमचे उभयपक्षी विश्वासाचे नाते!

गेल्या वर्षी दिवाळी आटोपली आणि माझी लेक पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. सातवा महिना लागलेला. डोहाळे पुरवायला मी पदर खोचून तयारच होते. पण हिचे डोहाळे श्रीखंड-बासुंदीचे नव्हते. हिला हव्या होत्या तिसऱ्या! त्याही बाजारातल्या नव्हेत, मावशीने खाडीतून काढून आणलेल्या, ओल्या खोबऱ्यात परतलेल्या आणि एकेक शिंपली हातात धरून चोखायच्या. "आई, गेला महिनाभर स्वप्नात नुसत्या तिसऱ्या येताहेत गं," ती म्हणाली. त्यावर हे वर्तमानपत्रातून डोके बाहेर काढून म्हणाले, "स्वप्नात हिऱ्याच्या कुड्या आल्या नाहीत हे आपले नशीब. तिसऱ्यांवर भागते आहे तोवर भागवून घ्या."

दुसऱ्या दिवशी नेमक्या तिसऱ्याच आल्या. पाटीभर, ओल्या, चिखलाच्या वासाच्या. लेक वरच्या खिडकीतून टाळ्या वाजवायची तेवढी राहिली होती. मी पाटीपाशी वाकले, हात पुढे केला आणि तो तसाच मागे घेतला.

"आज नको मावशी," मी म्हणाले. "ताज्या दिसत नाहीत."

मावशी माझ्या तोंडाकडे पाहतच राहिली. मग तिने पाटीतली एक उघडलेली तिसरी उचलली आणि तिला नखाने टिचकी मारली. तिसरीने चटकन तोंड मिटून घेतले. "पाटेच्या ओहोटीला काढल्यात, बाई," ती हळूच म्हणाली. "जित्या हायेत." एवढे बोलून तिने चुंबळ डोक्यावर ठेवली, पाटी उचलली आणि गल्लीतल्या दुसऱ्या कुणालाही हाक न मारता ती निघून गेली.

तिसरीने तोंड मिटले होते. माझेही मिटले होते. तीस वर्षे मुलींना 'खरे तेच लिहा, निरीक्षणात दिसेल तेच लिहा' असे शिकवणारी मी भर गल्लीत खोटे बोलले होते. तिसऱ्या ताज्याच होत्या. मला भीती वाटत होती ती निराळ्याच गोष्टीची, आणि ती सांगण्याचा मला धीर झाला नव्हता.

ही भीती समजायची तर तिसरीचा संसार कसा चालतो ते पाहिले पाहिजे. हा जीव मोठा गरीब आणि घरकोंबडा. खाडीच्या चिखलात एकदा बिऱ्हाड केले की सहसा लांब जायचे नाही. पाणी आत ओढायचे, गाळायचे, त्यातले अन्नाचे कण ठेवून घ्यायचे आणि बाकीचे पाणी बाहेर सोडायचे. हाच तिचा स्वयंपाक आणि हेच तिचे जेवण. कालवे आणि शिणाणेही असेच जगतात. आपल्या स्वयंपाकघरातली गाळणी दिवसातून चार वेळा चहा गाळते. हे गाळणे भरतीच्या प्रत्येक पाण्याबरोबर सुरूच असते. मात्र अन्न कोणते आणि विष कोणते हे त्याला ओळखता येत नाही. पाण्यात शिसे असेल, कॅडमियम असेल, पारा असेल, तर अन्नाबरोबर तेही आत येते आणि त्यातले बरेचसे तिथेच राहते.

धातूंचा स्वभाव गृहिणींना मी असा सांगेन. भात उरला तर आंबतो, कुजतो, जंतू त्याचा फन्ना उडवतात. शिसे आंबत नाही आणि कुजतही नाही. ते मूलद्रव्य आहे. शंभर वर्षांनीही शिसे ते शिसेच. तिसऱ्या सात पाण्यांनी धुतल्या, उकळल्या, आमसुलात घोळवल्या, तरी वाळू निघेल, जंतू मरतील, पण मांसात मुरलेला धातू हलणार नाही. आणि तो आपल्या पोटात गेला की तिथेही मुक्काम ठोकतो. कॅडमियम माणसाच्या मूत्रपिंडात शिरले तर त्यातले अर्धे बाहेर पडायला दहा ते तीस वर्षे लागतात. इतका चिकट पाहुणा आपल्या दिवाळीतही येत नाही.

शिंपल्यांचा हा गुण शास्त्रज्ञांनी मात्र कामाला लावला. १९७५ साली एडवर्ड गोल्डबर्ग या अमेरिकन सागरशास्त्रज्ञाने सुचवले, की किनाऱ्याचे पाणी किती बिघडले ते पाहायचे तर शिणाणे तपासा. बाटलीत भरलेले पाणी त्या घटकेपुरते बोलते. भरती आली की ते पाणी निराळे. शिंपल्यातल्या जिवाचे मांस मात्र मागच्या कितीतरी महिन्यांचा हिशेब सांगते. पुढे १९८६ पासून अमेरिकेच्या किनाऱ्यावर अशी पाहणी नेमाने सुरू झाली. वाण्याच्या वहीत उधारी लिहिलेली असावी तशी ती मांसात लिहिलेली असते.

आता मूळ मुद्दा. साधा पारा खाडीच्या तळाशी जाऊन बसतो. तिथल्या वारा न लागणाऱ्या चिखलात काही जंतू असतात. ते त्या पाऱ्याचे रूपांतर मेथिल पाऱ्यात करतात. हा मेथिल पारा फार घातक. तो लहान जिवांकडून मोठ्या माशांकडे चढत जातो आणि प्रत्येक पायरीवर अधिक दाट होतो. माणसाच्या शरीरात तो मेंदूपर्यंत पोचतो, आणि आईच्या शरीरात वारेतून पलीकडे, पोटातल्या बाळाकडे जातो.

हे जगाला कळले ते जपानच्या मिनामाता गावामुळे. क्यूशू बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरचे हे गाव. समोर शिरानुई समुद्र, शांत आणि माशांनी भरलेला. गावात चिसो कंपनीचा रसायनांचा मोठा कारखाना होता. १९३२ पासून तिथे ॲसिटाल्डिहाइड तयार होऊ लागले. त्या कृतीत पारा लागे, आणि उरलेले पाणी उपसागरात सोडले जाई. पन्नाशीच्या दशकात गावातल्या मांजरांना वेड लागल्यासारखे झाले. ती गरगर फिरत, नाचल्यासारखी करत आणि समुद्रात पडून मरत. कोळ्यांच्या वस्तीतली मांजरे. उरलेसुरले मासे खाऊन वाढलेली. मग माणसांची पाळी आली. हातपाय थरथरू लागले, बोबडी वळली, नजर आकसून नळीतून पाहावे तशी झाली. १ मे १९५६ रोजी कारखान्याच्याच इस्पितळाचे प्रमुख डॉक्टर होसोकावा यांच्याकडून सरकारी आरोग्य कचेरीला या अनोळखी रोगाची खबर गेली.

१९५९ मध्ये कुमामोतो विद्यापीठाच्या संशोधकांनी सेंद्रिय पाऱ्याकडे बोट दाखवले. त्याच वर्षी डॉक्टर होसोकावांनी कारखान्याचे सांडपाणी एका मांजराच्या खाण्यात घातले, आणि ते मांजर तसेच नाचू लागले. कंपनीने तो प्रयोग दडपून ठेवला. सरकारने कारण मान्य केले ते १९६८ साली. रोगाची खबर आणि सरकारची कबुली यांच्यामध्ये बारा वर्षे गेली. बारा वर्षे म्हणजे आपल्याकडचे तप! त्या तपात किती संसार होरपळले याचा हिशेब पुढे सरकारी नोंदीत आला. मान्य झालेले रुग्णच दोन हजार दोनशेहून अधिक आहेत.

माझ्या काळजाला घर पाडले ते यातल्या एका गोष्टीने. त्या गावात काही मुले जन्मापासूनच मान न धरणारी, न बोलणारी अशी होती. त्यांनी मासा तोंडात घातलेला नव्हता, आणि त्यांच्या आया तर बऱ्याच अंशी धडधाकट. त्या काळी डॉक्टरांची समजूत अशी, की वार ही बाळाभोवतीची भिंत आहे. विष तिच्यापलीकडे जात नाही. हारादा नावाच्या तरुण डॉक्टरांना आयांचे म्हणणे खरे वाटले. १९६२ मध्ये मान्य झाले, की मुलांना हा आजार आईच्या पोटातच जडला होता. जपानी घरांत बाळाची वाळलेली नाळ लहानशा लाकडी डबीत जपून ठेवतात. पुढे हारादांनी अशा नाळा गोळा केल्या आणि त्या तपासल्या गेल्या. त्यांत मेथिल पारा सापडला. एका आईने तर आपल्या पंगू लेकीला 'माझे रत्न' म्हटले. कारण माझ्या अंगातले विष हिने स्वतःकडे घेतले आणि मला वाचवले, असे तिचे म्हणणे होते.

पाटीपाशी वाकले तेव्हा त्या डब्या माझ्या डोळ्यांपुढे आल्या, आणि हात मागे आला.

तुम्ही म्हणाल, मिनामाता कुठे आणि ठाणे कुठे! ते खरेच आहे. आमची खाडी म्हणजे मिनामाता नव्हे, तसे नाचणारे मांजर इथे मी पाहिलेले नाही, आणि उगाच भुई थोपटून साप म्हणायचे मला कारण नाही. पण ही खाडी अरुंद. दक्षिणेला तेवढी ती मुंबई बंदराकडे मोकळी होते; भरतीचे पाणी येते आणि बरेचसे तेच पुन्हा जाते-येते. १९६० नंतर पूर्व काठाला ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेने रसायनांचे, रंगांचे, औषधांचे कारखाने उभे राहिले. त्यांनी हजारो घरांत चुली पेटवल्या, हेही विसरून चालणार नाही. आमच्या शेजारचीच चार घरे त्यावर उभी आहेत. १९७४ साली जलप्रदूषणाचा कायदा आला, पुढे सांडपाणी शुद्ध करण्याची सामाईक केंद्रेही आली. पण त्याआधी जे तळाशी बसले ते कायद्याची तारीख पाहून उठून जात नाही. या खाडीच्या गाळात आणि जिवांत धातू आढळल्याचे संशोधकांनी वेळोवेळी नोंदले आहे. याच खाडीवर हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे गुलाबी थवे उतरतात. २०१५ मध्ये तिथे अभयारण्य झाले आणि २०२२ मध्ये ती रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींत, गेली. आम्ही दुर्बीण लावून ते पक्षी पाहतो. तेही चिखल गाळूनच जेवतात, हे मात्र आपल्या ध्यानात येत नाही.

आणि दोष काय फक्त काठावरच्या चिमण्यांचा? माझ्या शाळेच्या प्रयोगशाळेत पाऱ्याची एक बाटली होती. दरवर्षी मी मुलींच्या तळहातावर त्याचा थेंब ठेवून 'पाहा, पळणारा धातू!' म्हणून दाखवीत असे. तांब्याच्या नाण्यावर तो चोळून नाणे चांदीसारखे करणे हा आमचा लाडका प्रयोग. मुली टाळ्या वाजवायच्या. तास संपला की बशी बेसिनमध्ये धुवायची. बेसिनचे पाणी गटारात, गटाराचे नाल्यात आणि नाल्याचे खाडीत. घरी तापाची नळी फुटली तेव्हाही ते गोळे केरसुणीने मोरीतच लोटले. माझ्या हातून गेला तो पारा चमचाभर असेल. पण खाडीच्या खात्यावर तो माझ्याच नावे आहे.

त्यानंतर आठ दिवस साडेनऊला हाक आली नाही. लेकीने दोनदा विचारले, हे गप्प बसले, आणि मला घरात स्वस्थता नव्हती. शेवटी नवव्या दिवशी मी चपला घातल्या आणि कोळीवाडा गाठला.

मावशी ओट्यावर जाळे सांधीत बसली होती. तिने पाहिले, पण उठली नाही. मग म्हणाली, "बसा बाई." सुनेने पाणी आणून दिले. सून वाकताना तिने कमरेवर हात ठेवला, तेव्हा माझ्या लक्षात आले. "कितवा?" मी विचारले.

"सातवाच. तुमच्या लेकीबरोबरची."

माझ्या पोटात धस्स झाले. "मावशी, त्या दिवशीच्या तिसऱ्यांचे काय केलेस?"

"काय करनार? तुमी नाय घेतल्या, मग मना पुढं जायाला लाज वाटली. घरान शिजवल्या. सुनेला दिल्या. तिला पन लई आवडतान."

मी पाण्याचे भांडे खाली ठेवले. माझ्या शहाणपणाचा हिशेब असा निघाला होता. जे माझ्या लेकीच्या ताटात नको होते ते मी खोटे बोलून दुसऱ्या लेकीच्या ताटात वाढले होते. तिथे खोटे न बोलता कारण सांगितले असते, तर निदान तिला ठरवता आले असते.

मग मी सगळे सांगितले. तिसऱ्या ताज्या होत्या, मी खोटे बोलले, हे आधी सांगितले. नंतर पारा, शिसे, जपानातले गाव, तिथली कोळ्यांची घरे, त्या डब्या. मावशीचे हात जाळ्यावर थांबले. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "पारा म्हंजे त्यो तापाच्या नळीतला?"

"तोच."

"आमाला कळत नाय असं नाय, बाई," ती म्हणाली. "चिखलात पाय घातला का कळतं. कदी घासलेटचा वास येतो, कदी अंगाला खाज सुटते. माज्या आयशीच्या टायमाला या खाडीत काय नव्हतं! पन कुनी नाव घेऊन सांगतलं नाय. खाडीला आमी आई म्हनतो. आई इख घालील असं कुनाच्या मनात येल?"

यावर रसायनशास्त्रात उत्तर नव्हते.

मासे सोडून द्या असे मात्र मी तिला सांगितले नाही, कारण ते खरे नाही. वाढत्या बाळाच्या मेंदूला माशातले सत्त्व हवेच असते, आणि गरोदर बाईने मासे खावेत असेच डॉक्टर सांगतात. फक्त निवड पाहिजे. मुशीसारखे मोठे, दुसऱ्या माशांवर जगणारे मासे या दिवसांत टाळावेत, आणि कारखान्यांच्या कडेच्या खाडीतले शिंपले नि चिंबोरीच्या पोटातला गर दूर ठेवावा. मांदेली, तारली, बांगडा, बोंबील हे खुल्या समुद्रातले लहान, थोड्या आयुष्याचे मासे. त्यांच्या अंगात पारा साठायला सवडच मिळत नाही.

मावशीने ते बोटांवर मोजले. मग व्यवहाराचे बोलली. "मांदेली धक्क्यावरून आनायची म्हंजे लिलावात पैसा टाकाया लागतो. भाडं वेगळं. तिसऱ्यांना काय, नुस्ती कंबर मोडाची."

ज्याचे जळते त्याला कळते ते असे. मला तिसऱ्या सोडणे म्हणजे एक डोहाळा सोडणे. तिला सोडणे म्हणजे बिनभांडवलाचा धंदा सोडणे. मी म्हणाले, "मावशी, बाळंतपणे होईपर्यंत मांदेली आण. मी भाव करणार नाही." ती पहिल्यांदाच हसली. "भाव नाय केला तर तुमाला झोप लागंल का?"

घरी आल्यावर लेकीला खरे सांगितले. ती थोडा वेळ रुसली, मग तिनेच विचारले, "आणि मावशीच्या सुनेला सांगितलंस ना?" मला तेवढ्याने बरे वाटले.

माघात आमच्या घरी नात आली, आणि चार दिवसांनी कोळीवाड्यात नातू. दोन्ही बाळे ठणठणीत आहेत. त्यात आमच्या मांदेल्यांचे श्रेय किती हे कुणी विचारू नये. रोज जन्मणारी बहुतेक बाळे ठणठणीतच असतात. पण बहुतेकांच्या हिशेबात आपले बाळ नसेल तर काय, हा प्रश्न आईला पडतोच. तो मिनामाताच्या आयांनाही पडला असेल. त्या गावाचा गाळ उपसून भराव घालण्याचे काम १९९० पर्यंत चालले, आणि उपसागराच्या तोंडाशी लावलेली जाळी निघाली ती १९९७ साली. पाऱ्याविषयीच्या जागतिक कराराला आज त्याच गावाचे नाव आहे. तो २०१३ मध्ये ठरला, २०१७ मध्ये अमलात आला, आणि २०१८ मध्ये आपला देशही त्यात सामील झाला. एका गावाचे नाव करारावर यायला त्या गावाला फार किंमत मोजावी लागली.

यंदा पावसाळ्यात मी एक अर्ज लिहिला. खाडीतल्या तिसऱ्या, कालवे आणि चिंबोऱ्या दर तीन महिन्यांनी तपासाव्यात, आणि काय आढळले ते मासळीबाजारात मराठीत फळ्यावर लिहावे, एवढीच मागणी. भाजीचा भाव लिहितात तसे. सही करून मी तो मावशीला वाचून दाखवला. तिने तो एकदा स्वतः बोट ठेवून वाचला, माझ्या हातातले पेन घेतले आणि माझ्या सहीखाली मोठ्या, सुट्या अक्षरांत स्वतःचे पूर्ण नाव लिहिले. तिच्यामागून कोळीवाड्यातल्या आणखी सतरा जणींनी लिहिले. अर्जाची शिक्क्यानिशी पोच मिळाली आहे. ती मी लोखंडी कपाटात, नातीच्या नाळेच्या पुडीशेजारी ठेवली आहे.

परवा साडेनऊला हाक आली. नात रांगत दारापर्यंत गेली. मावशीने पाटी उतरवली आणि वरचे फडके बाजूला केले.

"तिसऱ्या नायत, बाई. मांदेली हायेत."

"कशी दिलीस?" मी विचारले. तिने भाव सांगितला. तो जरा जास्तच होता. मी दहा रुपये कमी करायला सांगितले, तिने पाच केले, आणि मी मांदेली घेतली.